साडेसहाचं पॅकेज

श्रीहरीदादांच्या पहिल्या पुण्यानुमोदनाला चाळीस माणसं येतील असा अंदाज होता. आली एकशे दहा. दादांवर गावाचं प्रेम होतं हे खरं, पण माणूस गेल्यावर वर्षभरात ते पावणेतीन पटीने वाढायचं काही कारण नव्हतं. कारण दुसरंच होतं. अकरा दिवसांपूर्वी गोंडपिपरीत बातमी पसरली होती की दादांच्या नातीला, अश्वजितच्या साक्षीला, नर्सिंगमध्ये साडेसहा लाखांचं पॅकेज मिळालं.

साक्षी अजून नर्स झालेली नव्हती. ती बारावी झाली होती, आणि तेही केमिस्ट्रीत जेमतेम. पण पॅकेज आधी आणि शिक्षण मागाहून, असा हा नवा जमाना आहे असं समजून लोक बुंदी खात होते.

बातमी आणली होती साक्षीच्या आईच्या, सरिताच्या, भावाने. हा नथ्थू आधी विमा विकायचा, मग प्लॉट विकायला लागला आणि आता ‘ॲडमिशन सल्लागार’ झाला होता. नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसातून त्याने बहिणीला फोन केला आणि म्हणाला, भाचीचं काम झालं, बेंगळुरूजवळच्या कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंग, साडेसहाचं पॅकेज बसवलं. सरिताने फोन ठेवला आणि शेजारच्या खैरुनकडे विरजण मागायला गेली. विरजण आणायची विसरली, पॅकेज मात्र सांगून आली. पेपरात वाचलेलंच होतं की चंद्रपूरच्या एका इंजिनिअर पोराला बारा लाखांचं पॅकेज लागलं. त्या मानाने साडेसहा म्हणजे काही फार हवेत उडाल्यासारखं वाटलं नाही. उलट निम्मं असल्यामुळे खरं वाटलं.

अश्वजित तांदळाच्या गिरणीत मुनीम. क्विंटलभर धानातून सदुसष्ट किलो तांदूळ यायला हवा, याला गिरणीत उतारा म्हणतात. उतारा पासष्टवर आला की अश्वजितची झोप उडते. काट्यावर दोनशे ग्रॅमचा फरक त्याला नुसत्या आवाजावरून कळतो अशी त्याची ख्याती होती. अशा माणसाने कागदावर मांडलं: शिक्षणासाठी बँकेचं कर्ज साडेसहा लाख, पॅकेज साडेसहा लाख. एका वर्षात बरोबर. घेणं तेवढंच, देणं तेवढंच. दोन आकडे इतके तंतोतंत जुळलेले पाहून दुसऱ्या कुणाला संशय आला असता. अश्वजितला त्या हिशोबाचा प्रामाणिकपणा वाटला.

मोठा मुलगा आयुष सूरजागडच्या खाणीवर डंपर चालवायचा. बावीस हजार पगार, तोंडात, नाकात, कानात लाल धूळ. त्याने मोबाइलवर साडेसहा लाखाला बाराने भागलं, चोपन्न हजार एकशे सहासष्ट आलं, आणि तेव्हापासून तो बहिणीशी जरा अदबीनेच बोलत होता. बोलण्यापेक्षा न बोलणं त्याला सोपं जात होतं.

आणि साक्षी? तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मामाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं रंगीत पत्रक घरात फक्त तिनेच शेवटपर्यंत वाचलं होतं. पॅकेज म्हणजे मिळायचे पैसे नव्हते, भरायचे होते. चार वर्षांची फी, हॉस्टेल, जेवण, गणवेश, ब्लेझर, सगळं मिळून एकच रक्कम. त्या धंद्यात त्यालाच पॅकेज म्हणतात.

तिने लगेच सांगायला हवं होतं. त्या संध्याकाळी ती सांगायलाच उठली, तर आईने तिच्या हातातली भांडी काढून घेतली आणि म्हणाली, राहू दे, तू अभ्यास कर. अठरा वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला ‘मॅडम’ म्हणून हाक मारली. तिसऱ्या दिवशी आयुषने पंखा तिच्या बाजूला फिरवला. रोज सकाळी ती ठरवायची की आज सांगते, आणि रोज दुपारी दुधावरची साय तिच्या वाटीत पडायची. शिवाय एक भीतीही होती. पॅकेज नाही म्हटल्यावर घरचे म्हणतील, मग नर्सिंग तरी कशाला? आणि तिला नर्सच व्हायचं होतं. आत्याआजीसारखी पांढऱ्या साडीतली, जिच्या नावाने अजून एटापल्लीकडची माणसं दारात येतात, तशी.

आज सकाळी भंतेजींच्या मागोमाग सगळ्यांनी पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे साक्षीचा आवाज बसला. तिच्या शेजारी बसलेल्या आत्याआजीने मान वळवून बघितलं आणि पुन्हा हात जोडले.

पंगती चालू असताना बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरचा नईम आला. साक्षीचा सरकारी यादीचा फॉर्म त्यानेच भरला होता. तो जेवायला बसायच्या आधी खिशातून घडी केलेला कागद काढून अश्वजितला म्हणाला की पोरीचा नंबर लागला, गडचिरोलीच्या सरकारी नर्सिंग शाळेत, जीएनएम, तीन वर्षांचा डिप्लोमा. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत ओरिजिनल कागद घेऊन हजर राहायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाते.

अश्वजितने कागद वाचला, छान छान म्हणाला आणि पत्रावळींच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिला. डिग्रीचं पॅकेज हातात असताना डिप्लोमा कोण बघतो? नथ्थू तर हसलाच. त्याने सकाळीच ‘सीट ब्लॉक’ करायचे पंचवीस हजार घेऊन पुढे पाठवले होते आणि साक्षीच्या ओरिजिनल गुणपत्रिका, दाखले, सगळी फाईल त्याच्या बॅगेत गेली होती. आता राहिली होती एक सही.

ती सही अंजनाबाईंची, म्हणजे साक्षीच्या आत्याआजीची. दादांची ही धाकटी बहीण तेहतीस वर्षं एटापल्लीच्या पलीकडच्या उपकेंद्रांत नर्स होती. लग्न केलं नाही. आता मागच्या खोलीत राहायची. डाव्या कानाने ऐकू कमी यायचं, पण कुठल्या वेळी कुठला कान पुढे करायचा हे तिचं तिनं ठरवलेलं होतं. घरात पेन्शन फक्त तिला, म्हणून बँकेला हमीदार तीच हवी होती. गेले चार दिवस तिच्या चहात आलं पडत होतं.

जेवणं आटोपली. भंतेजी गेले. घरचे लोक ओसरीत बसले, आणि त्यांच्यात देवाजीही. देवाजी चामोर्शीचे, दादांचे लांबचे मेहुणे. दादा आजारी असताना त्यांना यायला जमलं नव्हतं. आज ते मुलाचा फोटो घेऊन आले होते. मुलगा स्पर्धा परीक्षांची तयारी करत होता, म्हणजे वेळ भरपूर होता. नर्स सून असली की घरात बीपी तपासता येतं, एवढंच ते म्हणाले. पॅकेजचं नाव त्यांनी सभ्यपणे काढलं नाही.

नथ्थूने बँकेचा फॉर्म अंजनाबाईंपुढे ठेवला आणि जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं.

अंजनाबाईंनी चष्मा लावला. त्यांनी आयुष्यभर औषधांचं रजिस्टर वाचल्याशिवाय कधी सही केली नव्हती. एकदा तर क्लोरोक्विनच्या चाळीस गोळ्यांसाठी त्यांनी डॉक्टरला दीड तास बसवून ठेवलं होतं. त्या पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. नथ्थू म्हणाला की बाई, ते सगळं छापील असते, वाचायसाठी नसते. त्यांनी डावा कान त्याच्याकडे केला.

वाचून झाल्यावर त्यांनी रंगीत पत्रक मागितलं. तेही वाचलं. मग विचारलं, “नथ्थूभाऊ, कर्ज किती?”

“साडेसहा.”

“अन् पॅकेज?”

“साडेसहाच.”

“बँकेले इतकं मोजून कसं समजलं?”

अश्वजित अभिमानाने म्हणाला की तेच तर, आत्या, हिशोब एकदम बरोबर बसते. अंजनाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, जसं ताप मोजायच्या आधी पेशंटकडे बघतात.

“याच्यात लिवलं आहे, पॅकेजमंदी जेवण, हॉस्टेल अन् ब्लेझर. पगारात ब्लेझर कुठी भेटते बाप्पा?”

नथ्थूने घसा साफ केला. मग त्याने सांगितलं, आणि असं सांगितलं की जणू सगळ्यांना आधीपासून माहीतच होतं. पॅकेज म्हणजे पूर्ण कोर्सचं पॅकेज. एकरकमी. त्यातही भाची म्हणून ब्लेझरचे पैसे त्याने लावू दिले नव्हते.

“मंग पगार?” अश्वजितने विचारलं. त्याचा आवाज गिरणीचा पट्टा तुटल्यावर येतो तसा आला.

“पगार तर भेटनच नं भाऊ. डिग्री आहे. तुमी मले पगाराचं इचारलंच नाई.”

देवाजींनी फोटो खिशात ठेवला. त्यांना अचानक चामोर्शीच्या गाडीची आठवण झाली. जाताना त्यांनी बुंदीचा डबा मात्र नेला, कारण तो आधीच बांधून दिलेला होता.

सरिता भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोक्यात त्या क्षणी कर्ज नव्हतं की पगार नव्हता. खैरुन होती, भिशीतल्या अकरा बायका होत्या, जावेला फोनवर सांगितलेलं होतं, आणि परवा बांगडीवाल्याला ‘पुढच्या वेळी सोन्याच्याच घेईन’ म्हटलेलं होतं. एवढ्या सगळ्यांकडून पॅकेज परत कसं आणायचं?

अंजनाबाई साक्षीकडे वळल्या. “तुले ठाऊक होतं.”

साक्षीने मान खाली घातली. “पहिल्याच दिवशी.”

“काऊन नाई सांगितलं?”

“सगळे चांगले वागून राह्यले होते,” साक्षी म्हणाली, आणि रडायला लागली.

आयुषने उठून पंखा पुन्हा तिच्याकडे फिरवला. या वेळी त्यामागे चोपन्न हजारांचा हिशोब नव्हता. अकरा दिवस तिच्या पगाराचं जे मनात सलत होतं ते निघून गेल्यामुळे त्याला बहिणीची दया येत होती, आणि दया येते म्हणून लाजही वाटत होती.

नथ्थू हार मानणारा नव्हता. डिग्री ती डिग्री, तो म्हणाला. डिप्लोमावाली आयुष्यभर डिप्लोमावालीच राहते. बाहेरच्या देशात जायचं तर डिग्री लागते, तिथे महिन्याला लाखलाख मिळतात. त्याचं सगळंच खोटं होतं असं नाही, आणि म्हणूनच अश्वजित पुन्हा डगमगायला लागला.

अंजनाबाईंनी पिशवीतून फोन काढला आणि बुधरीला लावला. ही एटापल्लीकडची गोंड मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी नाळ अंजनाबाईंनी कापली होती. तीही अशाच पॅकेजवर शिकून आता नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात होती. फोन स्पीकरवर टाकला. बुधरी नुकतीच ड्युटीवरून आली होती. अंजनाबाईंनी तब्येत विचारली, आई विचारली, आणि मग सरळ पगार विचारला.

“चौदा हजार, बाई. दोन वर्षं झाली.”

“अन् बँकेचा हप्ता?”

“बारा. शिकताना व्याज चढत गेलं नं. साडेसहाचे नऊ झाले.”

“शिकवलं कसं?”

“शिकवलं चांगलं. डिग्री चांगली आहे. बाहेर देशात जायची परीक्षा देईन म्हणते. तिची फी भरासाठी पैसे उरले का देईन.”

नथ्थूने विचारलं की मग सरकारी नोकरीचं काय. बुधरी म्हणाली, भरतीचा फॉर्म भरलाय. तिथे डिग्रीवाल्या आणि डिप्लोमावाल्या एकाच रांगेत बसतात, आणि मागच्या परीक्षेत तिच्या पुढचा नंबर गडचिरोलीच्या डिप्लोमावालीचा होता. त्या डिप्लोमावालीला कर्ज नव्हतं म्हणून ती नोकरी न करता सहा महिने अभ्यास करू शकली.

फोन ठेवल्यावर अश्वजितने बोटांवर काहीतरी मोजलं. “चौदात बारा तूस,” तो म्हणाला. “दोनचा उतारा. असं धान तर मी गिरणीच्या फाटकातून आत येऊ नाई देत.” पोरीच्या नावाने पहिल्यांदा त्याने असा उताऱ्याचा हिशोब मांडला होता, आणि तो बरोबर आल्यामुळे त्याला फार वाईट वाटलं.

आता सरिता उठली. भावाने लहानपणी तिला शाळेत सायकलवर नेलं होतं, तिच्या लग्नात तो हमसून रडला होता, आणि या घरात त्याची बाजू घेण्याची तिला तेवीस वर्षांची सवय होती. सकाळीसुद्धा नवऱ्याने पंचवीस हजारांची पावती मागितली तेव्हा तीच नवऱ्यावर उखडली होती. ती नथ्थूजवळ गेली, त्याच्या नव्या शर्टाची कॉलर बघितली आणि हळूच विचारलं, “भाऊ, तिचं राहू दे. तुह्यं पॅकेज किती?”

नथ्थू म्हणाला, सरिते, असं काय इचारतेस.

“एका पोरीमागं किती भेटते तुले?”

“सगळ्यांसाठी कॉलेजकडून तीस हजार. भाचीचे मी पंचवीसच घेऊन राह्यलो.”

सरिताने त्याच्यासाठी वेगळा काढून ठेवलेला बुंदीचा डबा उचलला आणि आत नेऊन ठेवला. नातेवाइकांत याला तोंडावर दार लावणं म्हणतात.

नथ्थूने घड्याळ पाहिलं. साडेतीनची गाडी होती. त्याने बॅग खांद्याला लावली. साक्षी दारात उभी होती. डोळे सुजलेले, ओढणीचं टोक ओलं, पण दारातून ती हलली नाही.

“मामा, फाईल द्या.”

त्याने समजावलं. फाईल काढली की सीट जाते, सीट गेली की पंचवीस हजार बुडाले, ते काही त्याच्या हातात नाही, पुढे गेले. पंचवीस हजार म्हटल्याबरोबर अश्वजितचा हात आपोआप वर आला. थांब, म्हणाला, जरा विचार करू, पंचवीस म्हंजे काही थोडे नाई. खरंच थोडे नव्हते. गिरणीचा दीड महिन्याचा पगार होता तो. दोनशे ग्रॅमवर झोप उडणारा माणूस पंचवीस हजार डोळ्यांदेखत सोडणार कसा? त्याच्या चेहऱ्यावर ते ओझं सगळ्यांना दिसत होतं, आणि साक्षीला कळत होतं की आता बाबा नाही म्हणाले तर उद्याचे पाच वाजून जातील.

“बाबा,” ती म्हणाली, “पंचवीस गेले. मी त्यांच्यामागं गेली तर साडेसहा लाख जातीन, अन् मी बी जाईन. मले नर्स व्हायचं आहे. हप्ता नाई व्हायचं.”

अश्वजितचा हात खाली आला.

आयुष पुढे झाला आणि मामाच्या खांद्यावरची बॅग अगदी आदराने उतरवून घेतली. “आना मामा, जड असन,” तो म्हणाला. फाईल काढली, बॅगेची चेन नीट लावली आणि बॅग परत त्याच आदराने खांद्याला अडकवली. नथ्थू पायऱ्या उतरताना म्हणाला की पैशांचं बघतो. तो अजून बघतो आहे.

साक्षीने पत्रावळींच्या गठ्ठ्याखालचा कागद शोधला. त्यावर वरणाचा डाग पडला होता, पण नाव वाचता येत होतं. त्यावर लिहिलं होतं की फी थोडी आहे. मात्र हॉस्टेलचं डिपॉझिट, मेस, गणवेश, पुस्तकं मिळून हजर होताना अकरा हजार लागतील. शिष्यवृत्ती मागाहून येते. आणि मामाच्या हातून, सरकारी यादीबाहेरून, लागलेल्या सीटला तर तीही आली नसती, हे नईमने जेवून हात धुताना सांगितलं होतं. अकरा हजार घरात नव्हते. एकशे दहा माणसं जेवून गेली होती. अश्वजित कपाट उघडून उभा राहिला, मग कपाट बंद केलं.

“पैशाचं मी बघते,” अंजनाबाई म्हणाल्या. “सकाळी पोरीसंगं मी जाते.” आणि कुणी काही विचारायच्या आत त्यांनी डावा कान पुढे केला.

सकाळच्या गाडीला सोडायला सगळे आले. खैरुनने रस्त्यात विचारलंच, की काय म्हणते पॅकेज. सरिता म्हणाली की ते रद्द केलं, आता गडचिरोलीले सरकारीत लागली आहे. खैरुनने तिचा हात दाबला आणि विरजणाचं काय झालं ते विचारलं. सरिताला एवढं हलकं वाटलं की ती हसली.

गाडी आष्टीला वैनगंगेच्या पुलावर आली. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. साक्षी फाईल पोटाशी धरून खिडकीशी बसली होती. अंजनाबाईंनी पिशवीतून पोस्टाचं जुनं पासबुक काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने उघडलं. पहिली नोंद तिच्या बाबांच्याही लग्नाआधीची होती, वीस रुपयांची. मग दर महिन्याला वीस, मग पन्नास, मग शंभर, मग पाचशे. दुष्काळाच्या वर्षीही, घरावर टिनं टाकली त्या वर्षीही, बाबांच्या कॉलेजच्या वर्षांतही. शेवटी जी रक्कम होती ती साक्षीने दोनदा वाचली.

“आजी, हे घरी कोणाले ठाऊक आहे?”

“नाई.”

“सगळा पगार तर तू घरी पाठवत होती. आजोबा सगळ्यांले सांगत होते, माही बहीण एक रुपया ठेवत नाई.”

“ते त्याले वाटे. पगार वाढला का मी थोडा मांगं ठेवत जाऊ. तू बी तसंच करजो. पहिल्या महिन्यापासून. घराले दे, भरपूर दे, पण सगळा देजो नोको.”

मार्कंड्याचा फाटा मागे गेला. साक्षी पासबुक चाळत होती. तेहतीस वर्षांत एकही महिना चुकलेला नव्हता. मग तिला कालचा आपला बसलेला आवाज आठवला, आणि तिने जरा भीतभीतच विचारलं, “मंग आजी, चौथं शील?”

अंजनाबाईंनी उजवा कान तिच्याकडे केला होता, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

“मी खोटं बोललीच नाई,” त्या म्हणाल्या. “किती भेटते, असं त्या घरात मले कोणी इचारलंच नाई. किती पाठवते, एवढंच इचारलं.”